पहिली परदेशी शर्यत आणि ८० टक्क्यांचा नियम: एका ज्युनियर सायकलपटूला उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा. तू १७ वर्षांची आहेस आणि ज्युनियर गटातलं हे तुझं पहिलंच वर्ष. देशातल्या शर्यतींत तू कायम पहिल्या तिघींत असतेस, पॉवर मीटरवरचे आकडेही चांगले आहेत. पहिल्या परदेशी क्रॉस-कंट्री (डोंगरवाटांवरच्या माउंटन बाइकच्या) शर्यतीत मात्र पाचपैकी तीन फेऱ्या झाल्यावर पंचांनी तुला बाहेर काढलं. आघाडीच्या मुलीची पहिली फेरी १२ मिनिटांची होती. तू पहिल्या फेरीत तिच्यामागे ४ मिनिटं १० सेकंद पडलीस, दुसऱ्या फेरीत आणखी २ मिनिटं ४० सेकंद आणि तिसरीत २ मिनिटं ५० सेकंद. आता तुला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: पाय कमी पडतात का, हलकी नवी सायकल घ्यावी का, आणि पुढच्या वर्षी किती शर्यती कराव्यात.

वेळा लिहून पाठवल्यास हे फार बरं केलंस, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे. ८० टक्क्यांचा नियम असा: आघाडीच्या स्पर्धकाच्या पहिल्या फेरीला लागलेल्या वेळेच्या ८० टक्के एवढं अंतर पडलं, की त्या फेरीच्या शेवटी तुला बाजूला घेतात. आघाडीची तुला मागून गाठून एक फेरी पुढे जाण्याआधीच ट्रॅक मोकळा व्हावा, हा त्यामागचा हेतू. १२ मिनिटांचे ८० टक्के म्हणजे ९ मिनिटं ३६ सेकंद. तुझी बेरीज होते ९ मिनिटं ४० सेकंद. म्हणजे चार सेकंदांनी चौथी फेरी हुकली. आणखी एक, ही शर्यत अर्धवट सोडल्याची नोंद नसते. निकालात तुझं नाव क्रमांकासह येतं, पुढे ‘दोन फेऱ्या कमी’ असं लिहिलेलं असतं. त्यामुळे घरी कुणी ‘बाद झाली’ म्हणत असेल तर त्यांना निकालपत्र दाखव.

आता त्या तीन आकड्यांकडे नीट बघ. दुसरी आणि तिसरी फेरी जवळपास सारखीच, अडीच-पावणेतीन मिनिटांचा फरक. पहिली मात्र चार मिनिटांच्या पुढे. दमलेल्या मुलीच्या वेळा अशा दिसत नाहीत. जिचे पाय कमी पडतात तिची पहिली फेरी बरी जाते आणि मग फेरीगणिक अंतर वाढत जातं. तुझं उलट झालं. पहिल्या फेरीतला तो जास्तीचा दीड मिनिट रांगेत गेला. शेवटच्या ओळीतून सुटलीस, पहिल्या अरुंद वाटेच्या तोंडाशी कोंडी झाली, पुढची एक मुलगी चढावर अडखळली, तिच्यामागच्या सगळ्या उतरल्या आणि तू सायकल धरून उभी राहिलीस. तू हे लिहिलेलं नाहीस, पण बहुतेक असंच झालं असणार. म्हणून पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पाय कमी पडलेले नाहीत, निदान तो मोठा भाग नाही. आंतरराष्ट्रीय ज्युनियर शर्यतीत पहिली सात-आठ मिनिटं आणि उतारावरचं कौशल्य हे दोन विषय असे आहेत, की घरच्या शर्यतींत त्यांची परीक्षाच होत नाही. घरी तू पहिल्या ओळीतून सुटतेस आणि पहिल्या वळणाला तुझ्यापुढे कोणी नसतं.

ओळी कशा लागतात ते समजून घे. ज्युनियर म्हणजे त्या कॅलेंडर वर्षात १७ किंवा १८ पूर्ण करणारे स्पर्धक. त्यानंतर १९ ते २२ हा अंडर-२३ गट, आणि त्यापुढे एलिट. मोठ्या शर्यतींत स्टार्टचा क्रम यूसीआयच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या, ज्युनियर क्रमवारीवरून ठरतो. साधारण आठ-आठ जणींची एक ओळ, नाव पुकारलं की जाऊन आपली जागा निवडायची. आता बघ, १८ वर्षांच्या मुलीकडे गेल्या मोसमातले गुण आहेत, तुझ्याकडे शून्य. सत्तर-ऐंशी मुलींच्या स्टार्टला तू नवव्या-दहाव्या ओळीत. पहिल्या वर्षाच्या जवळजवळ प्रत्येकीच्या वाट्याला हे येतं, यात अन्याय काही नाही. पण यातून दोन कामं निघतात. एक, गुण मिळवणं. दुसरं, गुण नसताना मागून कसं निघायचं ते शिकणं. पहिल्याबद्दल शेवटी लिहिते, कारण ते शर्यतींच्या निवडीशी बांधलेलं आहे. दुसरं काम उद्यापासून सुरू करता येतं.

स्टार्टचा सराव म्हणजे नुसती स्प्रिंट नव्हे, इथेच बरेच प्रशिक्षक गडबड करतात. शर्यतीत काय होतं? शेवटची घोषणा होते की येत्या १५ सेकंदांत केव्हाही स्टार्ट होईल. मग सगळं शांत. एक पाय जमिनीवर, दुसरा पेडलमध्ये अडकवलेला. बंदूक वाजते, पहिले वीस-पंचवीस सेकंद उभं राहून पूर्ण जोर, मग दोन-तीन मिनिटं अशा वेगाने की तो तासभर टिकणं शक्यच नाही, आणि श्वास सावरायच्या आत समोर मुळं, दगड, उतार. हृदयगती कमालीच्या जवळ असताना, हात थरथरत असताना पहिलं अवघड वळण घ्यावं लागतं. म्हणून सराव याच क्रमाने, जोडूनच करायचा: थांबलेल्या स्थितीतून जोरदार सुटका, लगेच दोन-तीन मिनिटं थ्रेशोल्डच्या (तासभर टिकेल अशा जोराच्या) वर आणि न थांबता थेट तांत्रिक तुकड्यात. मग दहा मिनिटं अगदी आरामात. असे चार, फार तर पाच. आठवड्यातून एकदा पुरे, मोसमाच्या तोंडावर दोनदा. स्प्रिंट वेगळ्या दिवशी आणि कौशल्य वेगळ्या दिवशी ताज्या पायांनी करणाऱ्या मुली दोन्ही सुटे सुटे छान करतात, आणि शर्यतीत तेच दोन्ही एकत्र आलं की पहिल्याच रॉक गार्डनमध्ये, म्हणजे दगडांच्या तुकड्यात, पाय टेकतात.

काही बारीक गोष्टी आहेत, त्यांना पैसे लागत नाहीत. स्टार्टचा गिअर आधी ठरव, उभं राहण्याआधी त्यात आहेस का ते मागचं चाक उचलून पेडल फिरवून बघ. सुटल्यावर दुसरा बूट न बघता पेडलमध्ये बसला पाहिजे, त्यासाठी रोज घरातून निघताना दहा वेळा कर. पहिल्या प्रयत्नात बसला नाही तर तसाच पेडलवर ठेवून रेटत राहा, खाली बघू नकोस. मागच्या ओळीत जागा निवडताना पहिलं वळण कुठल्या बाजूला आहे ते डोक्यात असू दे. सगळ्या आतल्या बाजूला झेपावतात आणि तिथेच अडकतात. बाहेरून अंतर जास्त पडतं, पण वाट मोकळी असते. मागून सुटणारीला माझा सल्ला बहुतेक वेळा बाहेरच्या कडेचाच असतो.

कोंडी झाली की काय? पुढचीचा वेग तुटताना दिसला की तुझा तुटायच्या आधी उतर. सायकल खांद्यावर किंवा हातात, ट्रॅकच्या कडेने पळ. पट्ट्यांच्या आत राहिलीस तर हे पूर्णपणे नियमात आहे. ज्या मुली चिकाटीने पेडलवर बसून राहतात त्यांच्या बाजूने पळत पाच-सहा जणी पुढे निघून जातात. म्हणून सायकल घेऊन पळण्याचाही सराव हवा. सायक्लोक्रॉस (चिखल-गवतावरची, मध्येमध्ये सायकल उचलून पळावं लागणारी शर्यत) केलेल्यांना हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. ब्रिटनचा टॉम पिडकॉक २०१७ मध्ये सायक्लोक्रॉसचा ज्युनियर विश्वविजेता होता, आणि पुढे टोकियो व पॅरिस दोन्ही ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकचं सुवर्ण त्याचंच. टोकियोत तो मागच्या ओळींतून सुटला होता. तुला सायक्लोक्रॉसची संधी मिळत असेल तर हिवाळ्यात जरूर घे. नसेल तर मित्रमैत्रिणी जमवून गवताच्या मैदानावर चालण्याच्या वेगाने एकमेकींना खांदे-कोपर लावत फिरा. हँडलबारला हँडलबार घासला तरी ब्रेक न दाबण्याची सवय तिथे लागते. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण ज्या मुलीला घरी कुणी कधी धक्का दिलेला नाही, ती स्टार्टच्या गर्दीत आपोआप ब्रेक धरते आणि तेवढ्यात तिघी पुढे जातात.

आता दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतले ते अडीच-पावणेतीन मिनिट. ते रांगेतले नाहीत, ते खरे तुझे आहेत. पण चढावर गेले की उतारावर, हे आधी बघायला हवं. तुझ्या जीपीएसच्या फाइलमध्ये फेरीचे तुकडे पाड आणि त्याच शर्यतीतल्या तुझ्यापेक्षा दहा-पंधरा क्रमांक पुढच्या एखादीची फाइल खुली असेल तर शेजारी ठेव. आघाडीच्या मुलीशी तुलना नको, त्यातून फक्त वाईट वाटतं. तू ओझरतं लिहिलं आहेस की ‘चढावर मी त्यांना गाठत होते, पण पुन्हा सुटायच्या’. यावरून माझा अंदाज आहे की बराचसा वेळ उतारावर आणि वळणांतून बाहेर पडताना जातो आहे. उतारावर वेळ गेला की तो भरून काढायला चढावर जास्त जोर लावावा लागतो, दमून वर पोचतेस आणि पुढचा उतार आणखी वाईट जातो. शर्यतभर सरासरी हृदयगती कमाल गतीच्या ९० टक्क्यांच्या आसपास असते. अशा शर्यतीत उतार ही एकमेव विश्रांती. ज्यांना उतार येतो त्या तिथे श्वास घेतात. बाकीच्या तिथेही ब्रेक आवळून झुंजत असतात.

एक उदाहरण जवळून दाखवते. आडव्या उतारावर ओली मुळं, वाट खालच्या बाजूला कललेली. चेकियातल्या नोव्हे मेस्तोचा ट्रॅक अशा मुळांसाठी प्रसिद्ध आहे, पण असा तुकडा कुठेही भेटतो. नवखी मुलगी मुळावर आल्यावर घाबरून ब्रेक दाबते, चाक घसरतं, ती पडते आणि म्हणते मुळं निसरडी होती. मुळं निसरडी असतातच. मुळावर ब्रेक चालत नाही, मुळांच्या मधल्या मातीवर चालतो. म्हणून वेग आधी कमी करायचा, शेवटच्या मातीच्या टप्प्यावर. मुळावर दोन्ही ब्रेक पूर्ण सोडलेले, पुढचं चाक किंचित हलकं करून पहिल्या मुळावरून न्यायचं, मग वजन थोडं पुढे म्हणजे मागचं चाक हलकं होतं. सायकल तुझ्याखाली थोडी सरकते, तिला सरकू द्यायची. नजर त्या मुळावर नाही, तुकडा जिथे संपतो त्या झाडाकडे. आणि चाक मुळाला शक्य तितकं काटकोनात भिडेल असं वर चढून यायचं, तिरपं भिडलं की गेलंच. हे सगळं आधी पायी चालून, मग संथ, मग वेगात. कोरड्यात जमलं की घरच्याच ट्रॅकवर पाऊस पडल्या दिवशी पुन्हा जायचं. पाऊस आला म्हणून सराव रद्द करणाऱ्यांना परदेशी चिखलात फार जड जातं.

ट्रॅकच्या पाहणीलाही एक पद्धत आहे. अधिकृत सरावाच्या वेळा ठरलेल्या असतात आणि नव्या मुली त्या वेळेत फेऱ्यांवर फेऱ्या मारून पाय संपवतात. पहिल्या दिवशी एक फेरी थांबत थांबत, सायकल बाजूला ठेवून पायी बघत. धोक्याच्या जागी खाली तोंड केलेले बाण लावलेले असतात: एक बाण म्हणजे जपून, दोन म्हणजे जास्त, तीन म्हणजे फारच. तीन बाणांच्या जागा तोंडपाठ हव्यात. मग दोन किंवा तीन अवघड तुकडे निवडून तेवढेच पुन्हा पुन्हा. मग एकच फेरी शर्यतीच्या वेगाच्या जवळपास. शर्यतीच्या आदल्या दिवशी याहून जास्त नको. उरलेला वेळ ट्रॅकच्या कडेला उभी राहा आणि अंडर-२३ व एलिटच्या मुलींचा सराव बघ. एकाच तुकड्याशी पंधरा-वीस मिनिटं थांबलीस की कळतं: बघायची ती त्यांची चाकं नव्हेत, त्यांच्या ब्रेकची जागा. त्या कुठे ब्रेक सोडतात ते कानांनी ऐकू येतं.

अवघड जागी बऱ्याचदा दोन वाटा असतात, एक थेट आणि अवघड, एक लांबून आणि सोपी. कोणती घ्यायची हे सरावातच ठरव, दोन्हींची वेळ लावून. फरक चार-पाच सेकंदांचा निघाला तर पहिल्या फेरीत गर्दीत आणि शेवटच्या फेरीत दमल्यावर लांबची वाट घेण्यात काहीही कमीपणा नाही. अवघड वाटेवर एकदा पाय टेकला तर त्या सेकंदांच्या कितीतरी पट जातात. ट्रॅकवर ऐनवेळी मन बदललं की अपघात होतो.

नव्या सायकलचा प्रश्न आईबाबांनाही वाचून दाखव. सायकलचं वजन अर्धा-एक किलोने कमी करण्यासाठी मोठा खर्च करण्याआधी आहे ती सायकल तुझ्या अंगाची आहे का ते बघा. तू लिहितेस तुझं वजन ५२ किलो. बाजारातून आलेली सायकल बहुधा तुझ्याहून जड माणसाचा विचार करून बसवलेली असते. सस्पेन्शनमध्ये हवा जास्त, रिबाउंड (दबल्यावर परत वर येणं) संथ, टायर कडक, ब्रेकचे लिव्हर छोट्या बोटांना लांब. अशा सायकलवर मुलगी उतारावर घाबरते आणि सगळे म्हणतात तिला कौशल्य नाही. लिव्हर जवळ आणून घे, म्हणजे एका बोटाने ब्रेक लागेल आणि बाकीची बोटं पकडीवर राहतील. फोर्कमधली, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनमधली, हवा तुझ्या वजनाप्रमाणे कमी कर. हँडलबार खांद्यांच्या मानाने फार रुंद असेल तर दोन्ही बाजूंनी थोडा कापता येतो. टायरच्या दाबासाठी डिजिटल गेज घे, पंपावरच्या काट्यावर विसंबू नकोस. रुंद ट्यूबलेस टायरला तुझ्या वजनाला १८ ते २० पीएसआयपासून सुरुवात कर, मागे पुढच्यापेक्षा एक-दोन जास्त. ओल्यात एकेक पीएसआय कमी करत बघ. रिमला दगड लागल्याचा ठक्क आवाज आला की फार खाली गेलीस.

एवढं करून पैसे उरले तर ड्रॉपर पोस्ट, म्हणजे चालवताना सीट खाली-वर करता येणारा दांडा. सीट खाली गेली की उतारावर तुला हलायला जागा मिळते. शिकणाऱ्या मुलीला वजनातल्या बचतीपेक्षा याचा फायदा कितीतरी जास्त. फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे) चांगलंच, आजचे ट्रॅक दगडांनी आणि उड्यांनी भरलेले असतात. पण हार्डटेलवर, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलवर, उतरलीस म्हणून ८० टक्क्यांत अडकलीस असं नाही.

प्रवासात सायकल पेटीत भरताना मागचा डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) सोडवून फ्रेमच्या आत बांध, डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकचा तुकडा घाल नाहीतर लिव्हर दाबला गेला की पॅड चिकटून बसतात. जादा डिरेल्युअर हँगर (तो फ्रेमला जोडणारा तुकडा) आणि दोन जोड ब्रेक पॅड सोबत ठेव. हँगर तुझ्याच फ्रेमचा लागतो, तिकडच्या दुकानात मिळेलच असं नाही. टायरमध्ये हवा भरायच्या सीओटू काडतुसांबद्दल विमान कंपनीचा नियम आधी विचार, नाहीतर तिथे पोचून विकत घे. चिखलाचा अंदाज असेल तर धातूमिश्रित पॅड लाव, साधे रेझिनचे पॅड वाळूमिश्रित चिखलात एका शर्यतीत संपू शकतात.

मदतीचे नियम पाठ असू देत. बाहेरून मदत फक्त फीड आणि टेक्निकल झोनमध्ये, म्हणजे ट्रॅकवर खाण्यापिण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी आखलेल्या जागी, बाटलीही तिथेच. त्याबाहेर एकाच राष्ट्रीय संघातल्या किंवा एकाच नोंदणीकृत संघातल्या स्पर्धक एकमेकींना मदत करू शकतात, बाकी कोणी नाही. सायकल बदलता येत नाही. ज्या नंबर प्लेटने सुटलीस तिनेच शेवटची रेषा ओलांडायची. ट्रॅकवर उलट दिशेने झोनकडे परतता येत नाही. म्हणजे झोन ओलांडल्यावर लगेच पंक्चर झालं तर पुढच्या झोनपर्यंत तुझं तुलाच बघायचं आहे: खिशात टायरचं भोक बुजवायचा प्लग, हवेचं काडतूस, आणि हे सगळं दमलेल्या हातांनी करायचा घरी केलेला सराव. पॅरिसमध्ये पिडकॉकला आघाडीच्या लढतीत असताना पंक्चर झालं, चाक बदलावं लागलं, अर्ध्या मिनिटाहून जास्त मागे पडला आणि तरीही जिंकला. त्याच्यासाठी झोनमध्ये जादा चाक आणि ते बसवणारा माणूस होता. तुझं जादा चाक कोणत्या झोनमध्ये आहे, तिथे कोण उभं आहे आणि त्याला ते बसवता येतं का, हे आदल्या रात्री ठरलेलं असू दे. बाटली देणाऱ्याने अंगावर पाणी ओतायचं नाही, तेही नियमाबाहेर आहे. बाबा बाटली देणार असतील तर त्यांच्यासोबत सराव कर. बाटली वरच्या टोकाला धरून हात सैल ठेवायचा आणि सोबत धावायचं नाही.

खाण्यापिण्यावर थोडंच. ज्युनियर शर्यत तास ते सव्वा तासाची. तीन तास आधी नेहमीचं, पचायला हलकं जेवण, शर्यतीत एक बाटली साखरेच्या पेयाची आणि एखादं जेल एवढ्याने भागतं. नवं काही शर्यतीच्या दिवशी खाऊ नकोस. वॉर्म-अप मात्र नीट कर, वीस-पंचवीस मिनिटं, त्यात दोन-तीन जोरदार झटके. मागच्या ओळीतल्या मुलींना पुकारा उशिरा होतो आणि तोवर त्या गार पडतात, म्हणून जॅकेट शेवटपर्यंत अंगावर असू दे.

वजनाबद्दल स्पष्टच सांगते, कारण ‘दोन किलो कमी केले तर चढावर फायदा होईल का’ असं एक वाक्य तू मध्येच लिहिलं आहेस. नको. तू अजून वाढत्या वयात आहेस. सराव वाढवून खाणं तेवढंच ठेवलं किंवा कमी केलं तर शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडं कमकुवत होतात, मग आजारपणं आणि दुखापती सुरू होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून यावर मार्गदर्शक मांडणी केली आहे, ती मुलग्यांनाही लागू आहे. पाळी सलग तीन महिने आली नाही तर ‘सराव जास्त आहे म्हणून असेल’ असं म्हणून सोडू नकोस, डॉक्टरांकडे जा. वर्षातून एकदोनदा रक्तातलं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाचा साठा) तपासून घे. चांगला सराव असूनही चढावर धाप लागणाऱ्या कित्येक मुलींचं कारण तिथे सापडतं. वजन कमी कर असं सांगणारा प्रशिक्षक भेटला तर प्रशिक्षक बदलावा, इतकं माझं मत पक्कं आहे.

डोक्यावर पडलीस तर त्या दिवशीची शर्यत संपली, हेल्मेटला तडा दिसो वा न दिसो. हेल्मेटही बदलायचं.

औषधांचं घरच्यांना बजावून ठेव. आंतरराष्ट्रीय शर्यतीत ज्युनियरचीही उत्तेजक चाचणी होऊ शकते. १८ वर्षांखालील स्पर्धकासोबत चाचणीच्या वेळी मोठं माणूस राहू शकतं, ते कोण हे आधी ठरवा. सर्दीच्या गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिन शर्यतीच्या काळात ठरावीक मर्यादेपलीकडे चालत नाही. दम्याचा साल्ब्युटामॉल इनहेलर चालतो, पण २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कोणत्याही ८ तासांत ६०० च्या आत. बंदीच्या यादीतलं इतर काही औषध चालू असेल तर डॉक्टरांच्या कागदांसह आधी परवानगी काढावी लागते. जिममधून मिळालेल्या पावडरी आणि ‘एनर्जी’च्या गोळ्या पूर्ण बंद. डब्यात काय आहे ते डब्यावर लिहिलेलं असेलच असं नाही, आणि शरीरात जे सापडेल त्याला जबाबदार तूच.

आता पुढचं वर्ष. क्रॉस-कंट्रीच्या वर्ल्ड कपमध्ये अंडर-२३ आणि एलिट हे गट असतात, त्यामुळे त्याचा विचार आत्ता नको. ज्युनियरसाठी वरची पायरी म्हणजे यूसीआयच्या ज्युनियर सीरीजच्या शर्यती, खंडीय अजिंक्यपद आणि जागतिक अजिंक्यपद. माझा आग्रह असा, की एकेका शर्यतीसाठी तीनदा परदेशी जाण्यापेक्षा एकदाच जा आणि एकाच भागात ओळीने तीन-चार शनिवार-रविवार शर्यती कर. पहिली लहान श्रेणीची, जिथे तीस-चाळीसच मुली असतील आणि तू तिसऱ्या-चौथ्या ओळीतून सुटशील. तिथे गर्दीतला स्टार्ट परवडणाऱ्या किमतीत शिकता येतो. मग ज्युनियर सीरीजची एक, मग पुन्हा एक लहान, मग सीरीजची दुसरी. प्रवासाचा शीण आणि वेळेतला फरक पहिल्या शर्यतीत निघून जातो, आणि तिसऱ्या आठवड्यात तुला स्वतःलाच फरक जाणवेल. ट्रॅक उंचावर असेल, अँडोरासारखा, तर तो या पहिल्या दौऱ्यात नकोच. तिथे विरळ हवेत स्टार्टला जास्तीचा जोर लावला की त्याची वसुली लगेच होते.

राष्ट्रीय अजिंक्यपदालाही ज्युनियर क्रमवारीचे गुण असतात, त्यामुळे ती शर्यत ‘घरचीच तर आहे’ म्हणून दमलेल्या पायांनी करू नकोस. कोणत्या श्रेणीला किती गुण हे दर मोसमाच्या नियमावलीत पाहून घे. परदेशी दौरे आणि देशातल्या शर्यती मिळून मोठ्या स्टार्टची संख्या बारा-पंधराच्या वर नेऊ नकोस, अभ्यासही आहे. दोन शर्यतींच्या मध्ये शिकायला वेळ मिळाला नाही तर त्याच चुका नव्या देशात जाऊन करता येतात, एवढंच.

आणि निकालाची घाई नको. स्वित्झर्लंडच्या निनो शुर्टरने २००४ मध्ये फ्रान्सच्या ले जे गावात ज्युनियर विश्वविजेतेपद मिळवलं, आणि एलिटमधलं दहावं विश्वविजेतेपद २०२२ मध्ये, त्याच गावात. पण सगळ्यांची वाट अशी सरळ जात नाही. दक्षिण आफ्रिकेचा अ‍ॅलन हॅदर्ली अंडर-२३ चा विश्वविजेता झाला २०१८ मध्ये आणि एलिटचा झाला २०२४ मध्ये. मधली सहा वर्षं तो शर्यती करत होता. तुझं पुढच्या वर्षाचं उद्दिष्ट म्हणून मी एवढंच लिहीन: ज्युनियर सीरीजच्या एका शर्यतीत सगळ्या फेऱ्या पूर्ण करणं. त्यापुढचं उद्दिष्ट त्यानंतर ठरवू.

जागतिक अजिंक्यपदाला मात्र तू स्वतः अर्ज करून जाऊ शकत नाहीस, राष्ट्रीय महासंघ संघ निवडतो. तिथे वैयक्तिक शर्यतीखेरीज मिश्र सांघिक रिले असते. त्यात एलिट, अंडर-२३ आणि ज्युनियर अशा तिन्ही गटांतला एकेक पुरुष आणि एकेक स्त्री, प्रत्येकी एक फेरी. म्हणजे ज्या देशाला रिलेचा संघ उतरवायचा आहे त्याला ज्युनियर मुलगी लागतेच, आणि एका फेरीच्या शर्यतीत वर सांगितलेला स्टार्टचा सराव थेट कामाला येतो. तेव्हा महासंघाकडून निवडीचे निकष आत्ताच लेखी मागून घे. कोणत्या शर्यती धरल्या जातात, कोणत्या तारखेपर्यंतचे निकाल बघतात, रिलेसाठी वेगळी चाचणी आहे का, हे विचार. त्या तारखा हातात आल्यावरच विमानाची तिकिटं काढा.